सोमवारचं काष्ठमौन

काकासाहेब तुळशीवृंदावनाच्या मागं गेले, गुटख्याची पिंक टाकली आणि खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसत पुन्हा खुर्चीत येऊन बसले. वच्छलाच्या अंगणात त्या सोमवारी दुपारी चाळीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. बहुतेकींनी ते पाहिलं. वच्छलानंही पाहिलं. सकाळी त्याच तुळशीला तिनं पाणी घातलं असेल. पण आता तिनं पदर सावरला आणि हसत काकासाहेबांपुढं तांब्या धरला. काकासाहेब पक्षाचे शहरातले मोठे पुढारी, महापालिकेचं तिकीट त्यांच्या हातात.

अनसूयेला वाटलं, उठावं आणि शेजारी आपल्या घरी निघून जावं. पण वच्छलानं सकाळपासून दोनदा निरोप पाठवला होता, की तू नुसती येऊन बस, बोलू नकोस, तुझं व्रत मला ठाऊक नाही का.

ठाऊक होतंच. त्या व्रताची साक्षीदार तीच होती.

सतरा वर्षांपूर्वी अनसूयेचा श्रीनिवास दोन वर्षांचा असताना ताप त्याच्या मेंदूत चढला होता. घाटीच्या सरकारी दवाखान्यात पाच दिवस पोरानं डोळे उघडले नाहीत. यजमान चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कारकून, नवी नोकरी, रजा मिळेना. तेव्हा वच्छला आपलं तान्हं सासूपाशी टाकून अनसूयेजवळ येऊन बसली. पोराच्या कपाळावरची ओली घडी तीच बदलायची. सहाव्या दिवशी अनसूयेनं तिच्यादेखत खडकेश्वराच्या महादेवाला बोलून ठेवलं, की पोर वाचलं तर त्याच्या लग्नापर्यंत दर सोमवारी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत काष्ठमौन पाळीन. काष्ठमौन म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे. मान हलवायची नाही, हातानं खुणवायचं नाही, पाटीवर लिहून दाखवायचं नाही. लाकूड असतं तसं राहायचं. पोर वाचलं, आणि तेव्हापासून एक सोमवार चुकला नाही. सासरे वारले तो सोमवार होता. तेव्हाही तिच्या डोळ्यांतून पाणी गेलं, पण तोंडातून हुंकार निघाला नाही.

दोघींची घरं वेगळ्या वळणाची. अनसूयेचं माहेर पैठणचं, भिक्षुकाचं. वच्छला इथल्याच, मुकुंदवाडीच्या जुन्या शेतकरी घराण्यातली. शेताचे प्लॉट पडल्यावर तिच्या घरानं दोन मजले चढवले. पण वीस वर्षं एकीचे सांडगे दुसरीच्या गच्चीवर वाळत होते. वच्छला तिला अनू म्हणायची आणि ही तिला वच्छी.

त्या साली महापालिकेचा त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. आधी वच्छलाचे मालक तात्यासाहेब उभे राहणार होते. आता ते भेटेल त्याला सांगू लागले, की आमच्या मंडळींना पहिल्यापासून समाजसेवेची आवड. वच्छला शेजारणीच्या पोराचं नाक पुसायची तरी फोटोवाल्याला हाक जायची. अनसूयेला सुरुवातीला हसू यायचं. मग ते यायचं थांबलं.

आडवी येणारी एकच बाई होती, दगडाबाई. विधवा, पिठाच्या गिरणीवर पोट, तोंडानं फटकळ. वस्तीला पाण्याचा टँकर लागला तो तिच्यामुळं. रिकामे हंडे घेऊन बायकांना जालना रोडवर बसवणारी तीच. तिकीट तिलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. तिच्या नावावर डाग होता तो मागच्या उन्हाळ्यातला. वैशाखात एका गुरुवारी टँकर आलाच नाही. बायका दुपारपर्यंत हंडे मांडून बसल्या आणि मग कुणीतरी उठवलं, की दगडाबाईनं टँकर आपल्या दिराच्या बांधकामावर वळवला. त्या दिवशी तिला नाही नाही ते ऐकावं लागलं. गिरणीच्या दारात कुणी शेण आणून टाकलं.

टँकर कुठं गेला ते अनसूयेनं पाहिलं होतं. पहाटे मारुतीला जाताना तो तिला तात्यासाहेबांच्या नव्या बिल्डिंगपाशी दिसला. पाइप हौदात सोडलेला, आणि तात्यासाहेब स्वतः ड्रायव्हरला तंबाखू मळून देत होते. तिनं वच्छलाला विचारलं. वच्छलानं तिचे दोन्ही हात धरले.

"अनू, स्लॅब टाकलाय गं. पाणी नसतं मारलं तर तडकला असता. घरातली गोष्ट हाय, घरातच ऱ्हाऊ दे."

अनसूया गप्प राहिली. वीस वर्षांची मैत्रीण. त्या संध्याकाळी मारुतीच्या अभिषेकाला तिनं पाणी नेलं तेही वच्छलाच्या बोअरचं.

आता अंगणात काकासाहेबांनी सांगितलं, की फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस. नावं दोन आहेत आणि त्यांना आजच ठरवायचं आहे. दगडाबाई मागच्या रांगेत मांडी घालून बसली होती, हातांना पीठ तसंच. वच्छला उठून उभी राहिली आणि हळुवार आवाजात बोलू लागली.

"मला कुणाची उणीदुणी काढायची नाय. दगडाबाई मला मोठ्या भनीसारखी. पर उन्हाळ्यात टँकर कुठं गेला ते एका माणसानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलंय. मी आजवर नाव घेतलं नाय." ती चालत आली आणि तिनं अनसूयेच्या खांद्यावर हात ठेवला. "ही आमची अनू. मारुतीला जाताना हिनं पाह्यला, दगडाबाईच्या दिराच्या बांधकामावर. मला येऊन सांगितलं अन् रडली बिचारी. खोटं बोलणारं माणूस हाय का हे, तुमीच सांगा."

चाळीस तोंडं अनसूयेकडं वळली. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. बैठक रविवारी सगळ्यांना सोयीची होती, ती सोमवारी का ठेवली. निरोप दोनदा का आला. नुसती येऊन बस, बोलू नकोस.

काकासाहेबांनी विचारलं, बाई, खरं आहे का हे? एकजण म्हणाली, त्यांचं मौन असतं, मानसुद्धा हलवत नाहीत. त्यावर वच्छला म्हणाली, खोटं असतं तर तिच्या तोंडावर दिसलं नसतं का? बायकांनी अनसूयेच्या तोंडाकडं पाहिलं. सतरा वर्षं सोमवारी ते तोंड दगडासारखं ठेवायची तिनं सवय केली होती.

खांद्यावरचा हात अंगावर पाल पडावी तसा वाटला. घाटीत ओली घडी बदलणारा हाच हात. वच्छलाला या व्रताची किंमत माहीत होती, आणि तिनं बरोबर हिशेब केला होता, की ही पोराच्या जिवावर बोलणार नाही. श्रीनिवास बजाजनगरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. आता परत यायची त्याची वेळ, मोटारसायकल, रस्त्यानं ट्रकच ट्रक. दिवेलागणीला अजून चार तास होते. तोवर सगळं उरकलं असतं.

मागच्या रांगेतून दगडाबाई तिच्याकडं पाहत होती.

"खोटं आहे," अनसूया म्हणाली.

सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. तिनं घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. टँकर तात्यासाहेबांच्या बिल्डिंगवर होता. मी पाहिला. वच्छलाला सांगितलं. तिनं गप्प राहा म्हटलं आणि मी राहिले.

तिला वाटलं, आता अंगण पेटेल. पण पहिली जी कुजबुज उठली ती वेगळीच होती. अगं बाई, मौन मोडलं. सोमवारचं मौन मोडलं हिनं. एका म्हातारीनं दोन्ही गालांवर बोटं लावली. एकीला तिच्या नात्यातली कुणी आठवली, जिनं असंच व्रत मोडलं आणि वर्षाच्या आत घर बसलं. वच्छला तर मटकन खालीच बसली. तिनं अनसूयेच्या तोंडावर हात ठेवला.

"अनू, काय केलंस गं हे. तुझं लेकरू."

आणि तिच्या डोळ्यांतून खरंच धारा लागल्या. ते पाहून बायकाही डोळे पुसू लागल्या. टँकरचं नाव कुणी काढेना.

काकासाहेब उठून अनसूयेजवळ आले आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल इतके वाकले. त्यांच्या तोंडाला गुटख्याचा गोडसर वास येत होता. "बाई, टँकर कुठं गेला ते मला तवाच माहीत झालं. पण मला वॉर्ड निवडून आणायचाय. तुम्ही देवाधर्माच्या बाई, कशाला या भानगडीत पडता?" मग सरळ होऊन त्यांनी वच्छलाचं नाव जाहीर केलं. आतून पेढ्यांचे खोके आले. ते आधीच आणून ठेवलेले होते.

श्रीनिवास संध्याकाळी धडधाकट घरी आला. आईनं दारातच त्याच्या तोंडावरून, हातांवरून हात फिरवला तेव्हा तो लाजला आणि म्हणाला, काय झालंय मला, दोन प्लेट मिसळ खाऊन आलोय.

दिवा लावून होतो न होतो तोच वच्छला आली. भांगात गुलाल, हातात नारळ आणि बेलाची पुडी. बसायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, की गुरुजींना विचारलं, यावर उपाय आहे. उद्या सकाळी खडकेश्वराला श्रीनिवासच्या नावानं अकरा रुद्रांचा अभिषेक. सगळं ती बघणार. अनसूयेनं नुसतं येऊन बसायचं.

अनसूयेनं विचारलं, "तू सोमवार बघूनच बैठक ठेवलीस ना?"

वच्छलानं लपवलं नाही. "व्हय. तुला खोटं बोलाया लावलं का मी? तुला पाप नगं लागाया म्हणून तर सोमवार धरला. तू गप बसली असतीस तर तुझं व्रत ऱ्हायलं असतं अन् माझंबी काम झालं असतं. तूच घाई केलीस." दूध उतू गेल्याबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. मग म्हणाली, श्रीनिवासची काळजी करू नको, निवडून आले की त्याला महापालिकेत चिकटवू. तात्यासाहेबांनी शब्द दिलाय. आणि तिनं श्रीनिवासकडं पाहिलं ते जीव लावून पाहिलं.

अनसूयेला शिसारी आली ती याची. ते प्रेम खोटं नव्हतं. दुपारी जे पोर तिनं पणाला लावलं, त्याच्यासाठी संध्याकाळी ती बेल घेऊन आली होती, आणि दोन्ही वेळा तिचं मन तितकंच स्वच्छ होतं.

"हे उचल आणि जा," अनसूया म्हणाली.

"अनू, देवाशी वैर नगं धरू."

"देवाला मधे घालू नकोस, वच्छी. निघ."

मंगळवारी सकाळी तिनं दोनदा आंघोळ केली. खांद्यावरची जागा तरी मळल्यासारखीच वाटत होती. पूजा उरकून ती दगडाबाईच्या गिरणीकडं निघाली. वाटेत तिच्या मनात एक गोष्ट घोळत होती, जी तिनं स्वतःपाशीही नीट कबूल केली नव्हती. दगडाबाई आपले हात धरेल, डोळ्यांत पाणी आणेल, म्हणेल, ताई, माझ्यासाठी तुम्ही एवढं मोडलंत.

दगडाबाई गिरणीच्या चाकाभोवतीचं पीठ कुंच्यानं झाडत होती.

"या ताई. दळण हाय का?"

अनसूया म्हणाली, दळण नाही. काल मी बोलले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

"मी व्हते की तिथं. बायका म्हनत्यात, लई मोठं व्रत मोडलं तुमी." दगडाबाईनं कुंचा खाली ठेवला. "एक इचारू का? टँकर गेला त्यो वार गुरुवार व्हता. तवा तुमचं कोणतं मौन व्हतं?"

गिरणीच्या दारातलं शेण अनसूयेनं त्या दिवशी पाहिलं होतं. हातात वच्छलाच्या बोअरचं पाणी होतं, म्हणून विटाळ नको असं मनात म्हणून ती पदर आवरून बाजूनं गेली होती. कालपासून जी घाण तिला वच्छलाच्या हाताची वाटत होती, ती तिच्याच अंगाला कधीपासून होती, आणि ती रोज त्याच अंगानं देवापुढं बसत होती.

दगडाबाईनं पिठाच्या डब्याखालून एक कागद काढला. तिनं सांगितलं, की ती अपक्ष उभी राहतेय. आज तीन वाजेपर्यंत फॉर्म द्यायचा आणि त्यावर वॉर्डातल्या मतदाराची सूचक म्हणून सही लागते. सकाळपासून दहाजणींना विचारून झालं होतं. "तात्यासाहेबाच्या भ्यानं समद्यींचे हात दुखायला लागले. तुमी करा, कराची तर. पर माफी म्हनून नगं. सही केली की टँकर कुठं गेला ते दारोदार सांगावं लागंल. मतदानाच्या आधी दोन सोमवार येत्यात. त्या दोन सोमवारीबी."

अनसूयेला श्रीनिवासची मोटारसायकल दिसली, जालना रोडवरचे ट्रक दिसले. दगडाबाईनं दाखवलेल्या जागी तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

दगडाबाईनं कागद उजेडाला धरून सही वाचली. आभार मानले नाहीत. घडी करून तो पोलक्यात खोचला आणि म्हणाली, "बसा तिकडं. दळणाच्या बाया येतीलच आता."

बाकावर पिठाचा थर होता. अनसूया तो न झटकता त्याच्यावर बसली आणि पहिली बाई येण्याची वाट पाहू लागली.