दोन प्रोसेसर आणि बारा सेकंद

त्या उन्हाळ्यात औरंगाबादला नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं आणि बीड बायपासला नवी बिल्डिंग रोज उभी राहायची. बिल्डिंगीला पाणी कुठून, असं कुणी विचारत नव्हतं. टँकरनं. त्यातला एक टँकर सत्यम चालवायचा. अजिंठ्याकडचं पोरगं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायपासच्या वळणावर त्याचा टँकर पालथा झाला तेव्हा आजूबाजूचे लोक लगेच धावले, पण घागरी घेऊन. टाकी रिकामी झाल्यावर कुणाला तरी केबिनची आठवण आली.

तेरावं उरकलं आणि सत्यमची आई आशाबाई उस्मानपुऱ्यात मंदारच्या दुकानात आली.

मंदार लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. दुष्काळात लोकांनी लग्नं पुढं ढकलली, त्यामुळं गेल्या साली त्याला एकच दांडगं काम मिळालं होतं: पुढारी काकासाहेबांनी लावलेला सामुदायिक विवाह. एका मांडवात एकावन्न जोडपी. तीन तासांचं शूटिंग, त्यातले दोन तास एकटे काकासाहेब. उरलेल्या तासात एकावन्न नवरे, एकावन्न नवऱ्या आणि बुंदी. हार घालायचा, अक्षता झेलायच्या अन्‌ पुढच्याला जागा करून द्यायची, एवढंच एकेकाच्या वाट्याला आलं होतं.

आशाबाईला त्यातला सत्यमचा तुकडा पाहिजे होता. फोटो घरी होता, पण त्यात तो पोलीस ठाण्यात उभा केल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं. हार घातल्यावर त्यानं गर्दीत आईला हुडकत हात केला होता. ते पाहिजे.

"मी मागं पत्रावळ्या उचलीत होते," ती म्हणाली. "मला त्यो दिसला. पर त्याला मी दिसले का नाय, कळलं नाय. इचारायचं राहूनच गेलं. त्यात दिसंल ना, बाबा?"

मंदारनं मान हलवली. पण त्याचं मशीन त्याच आठवड्यात जळालं होतं. हार्ड डिस्क तेवढी शाबूत होती. दुसरं मशीन आणतो, काढून ठेवतो, पुढच्या गुरुवारी या मावशी, असं त्यानं सांगितलं.

नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून त्यानं हिमांशूला बोलावलं. हा त्याचा कॉलेजातला दोस्त. बंद पडलेल्या ऑफिसांतली मशीनं उचलून छावणीच्या बाजारात विकायचा. हिमांशू दोन डबे घेऊन आला. एकात पेंटियम प्रोसेसर, दुसऱ्यात ॲथलॉन. दोन्ही जुने, दोन्ही स्वस्तातले, दोघांच्या पोटात सारखीच धूळ. मंदारला पेंटियम पाहिजे होता, कारण गिऱ्हाईक नाव बघतं. हिमांशूचं म्हणणं, तेवढंच काम ॲथलॉन कमी पैशात करतो, नावाचे पैसे कशाला मोजायचे. चहावाला पेंटियमच्या बाजूनं पडला. शेजारचा न्हावी ॲथलॉनच्या. त्याला दोन्हीतलं काही कळत नव्हतं, पण चहावाल्याशी त्याचं पटत नव्हतं.

मग ठरलं, टेस्ट घ्यायची. तीच डिस्क, तोच तुकडा, दोन्हीकडं आळीपाळीनं रेंडर करायचा, म्हणजे मशीनकडनं पक्का करून घ्यायचा. जो आधी संपवील तो खरा. तुकडा कोणता? डिस्क चालते का बघायला मंदारनं सत्यमचा उघडलेलाच होता. हिमांशूनं तो बघितला आणि खूश झाला. भरभर पडणाऱ्या अक्षता म्हणजे प्रोसेसरचा घाम काढणारी गोष्ट. फेटा घसरतोय, हार हलतोय, मागं माणसंच माणसं. मात्र तुकडा लांब होता. त्यानं बारा सेकंद ठेवले आणि पुढचं कापलं.

"अबे, पुढचं राहू दे ना," मंदार म्हणाला.

"पुढं नुसता हात हलवतोय यार. त्यात काय लोड आहे?"

अक्षता संपल्या होत्या, हात छातीपर्यंत आला होता. तिथं कापलं.

नंतर हिमांशूला इमानदारीचा झटका आला. डिस्कवर दुसरं काही असलं की टेस्ट खरी येत नाही, म्हणून त्यानं बारा सेकंद पेनड्राइव्हवर घेतले आणि डिस्क साफ करू का म्हणून विचारलं. मूळ कॅसेट कपाटात आहे, कर, असं मंदार म्हणाला. डिस्क साफ झाली. पंखे काढून प्रोसेसर पुसले. पुसल्यावर त्यांच्या डोक्यावर गारव्यासाठी पेस्ट लावावी लागते. ती ट्यूब ॲथलॉनवरच संपली. पेंटियमला मंदारनं दात घासायची लावली. पुदिन्याची होती, जास्तच गार राहील, असा त्याचा हिशेब.

टेस्ट झाली. ॲथलॉन दोन सेकंदांनी पुढं आला. त्या दोन सेकंदांवर न्हाव्यानं चहावाल्याला दोन दिवस बोलून घेतलं.

कपाटातली कॅसेट मंदारनं बुधवारी लावली. तीत काकासाहेब चारा छावणीची फीत कापत होते. मागं म्हशी उभ्या होत्या, त्याही कॅमेऱ्याकडं बघत होत्या. नव्या कॅसेटचे पैसे वाचावेत म्हणून मंदारनं स्वतःच्या हातानं लग्नावर छावणी चढवली होती, आणि तेच तो विसरला होता.

गुरुवारी भर दुपारी आशाबाई आली. दुकानावर पत्रा होता. कूलर होता, पण कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं, म्हणून त्यावर मंदारनं वायरींचा ढीग ठेवला होता. वर पंखा तेवढा फिरत होता. हिमांशूही आला होता, खरी पेस्ट खिशात घालून, सौदा उरकायला.

मंदारनं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं. बारा सेकंद उरलेत, मावशी. बाकीचं माझ्या हातनं पुसलं गेलं.

आशाबाईनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, बाकीच्यात काकासाहेबच असतील, ते रोजच दिसत्यात. आणि हात?

"हात उचलताना आहे," मंदार म्हणाला.

त्यानं ॲथलॉनवर लावलं. अक्षता पडल्या, फेटा घसरला, सत्यम हसला, हात वर निघाला, संपलं. आशाबाईनं पदर नीट करेपर्यंत पडदा काळा. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. डोळ्याला लागेपर्यंत पोरगं निघून जायचं.

"दुसऱ्यावर बघायचं का?" हिमांशूनं विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

पेंटियमवर लावलं. चार दिवसांत पुदिना वाळून खडू झाला होता. मशीन तापलं होतं आणि तापलं की ते जीव वाचवायला सावकाश चालायचं. अक्षता पडता पडता हवेतच थांबल्या. फेटा इंचाइंचानं कानावर आला. मागचा सनईवाला रेड्यासारखा रेकू लागला. सत्यमचं हसू निघायलाच इतका वेळ लागला की आशाबाईनं त्याच्याबरोबर तोंड उघडलं आणि बराच वेळ मिटलं नाही.

"ह्यो चांगला हाय," ती म्हणाली. "ह्याच्यावर त्यो थांबतो."

हिमांशूला राहवलं नाही. हा बिघाड आहे मावशी, तो म्हणाला, पेस्ट आणलीय, दोन मिनिटांत पळायला लागेल. त्यानं खिशातनं ट्यूब काढली. मंदारनं ती त्याच्या हातातनं घेतली आणि कूलरच्या टाकीत टाकली. टाकी कोरडी होती, ट्यूब खडखडत तळाशी गेली.

आशाबाईनं डब्याला हात लावून बघितला. तापलेलं पोर असावं तसा. चटका बसला. मग ती उठली आणि उघड्या डब्यावर पदरानं वारा घालू लागली, एका लयीत, नजर पडद्यावर.

डब्याला गारवा लागला. प्रोसेसरला जीव आला. अक्षता सटासटा पडल्या, सनईवाल्याचा आवाज सुधारला, सत्यम हसला आणि गेला.

तिचा हात हवेत राहिला.

"काय झालं ओ?"

"वारा घालू नका मावशी," मंदार म्हणाला. "गार झालं की पळतो तो."

तिनं पदर खाली सोडला. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, चुकून हलू नयेत म्हणून. मंदारनं उठून वरचा पंखा बंद केला. शटर सताड उघडं होतं, ते झळ आत यावी म्हणून तसंच ठेवलं. हिमांशूच्या नाकावरनं घाम कीबोर्डवर टपकला, पण तो उठला नाही. न्हावी डोकावला आणि आता कोण पुढं आहे म्हणून विचारायला लागला.

मंदारनं पुन्हा लावलं. अक्षता हळूहळू मंदावल्या. हात कमरेपासून सुटला, छातीकडं निघाला. सत्यमची मान वळत होती.

"संपायच्या आत अजून गरम होऊ द्या," आशाबाई म्हणाली. "मान इकडंच वळायलीय."