न पाहिलेल्या गावाचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगायचा, पाठीला कापड लावलेला. माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘भूमध्य समुद्र व भोवतालचे देश’ असे छापलेले आहे. मित्रांनो, तुम्ही फोनवर दोन बोटे फिरवून हवे ते गाव मोठे करता, तेव्हा तुम्हाला माझे फार कौतुक वाटणार नाही हे मी धरूनच चालतो. तरी जरा बसा. मला माझ्या सरांची एक चूक सांगायची आहे. त्यांची परवानगी मी घेतलेली नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. शाई ओली असताना एका कामगाराने इटलीच्या टाचेवर अंगठा टेकवला, तो ठसा अजून माझ्या अंगावर आहे. पुढे मला कापडावर चिकटवले, वर-खाली लाकडी दांड्या ठोकल्या आणि हडपसरच्या एका शाळेत पाठवून दिले. तिथे शरच्चंद्र सर भूगोल शिकवत. ते शनिवार पेठेतून रोज दोन बस बदलून येत आणि तास संपला की मला स्वतःच्या हाताने गुंडाळत. मुलांच्या हाती मला द्यायला ते तयारच नसत. “तुम्ही लोक नकाशा सतरंजीसारखा गुंडाळता,” असे ते म्हणत. माझा जीव त्यांच्यावर जडला तो तेव्हापासून.

एकदा दुपारच्या सुट्टीनंतरचा तास होता. नववीचा वर्ग पेंगत होता. सर मात्र रंगून सांगत होते, “आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर, त्यांच्याकडे हिवाळ्यात. त्यांचा उन्हाळा कोरडा ठणठणीत.” तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या तनयाने हात वर केला आणि विचारले, “सर, तुम्ही तिथे गेला आहात?”

सर तोवर गोव्याच्या पलीकडे गेले नव्हते. पण सगळा वर्ग एकदम जागा होऊन त्यांच्याकडे बघू लागला. सर म्हणाले, “हो, गेलोय की.”

मी भिंतीवर होतो, काय करणार! सरांनी खिशातले निळे पेन काढून स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर माझ्या अंगावर ठिपका दिला आणि अल्तेआ नावाच्या गावाचे वर्णन सुरू केले. टेकडीवर पांढरी घरे, चर्चचे निळे घुमट, खाली समुद्र आणि किनाऱ्यावर इतकी मऊ वाळू की चपला हातात घेऊन चालावेसे वाटते. घरे आणि घुमट त्यांनी घरच्या कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिले होते. वाळू त्यांनी पदरची घातली. खरे सांगायचे तर मीही तिथे कधी गेलो नव्हतो. माझा किनारा म्हणजे नुसती एक बारीक रेघ, तिच्यात वाळू आहे की चिखल हे मला तरी कुठे ठाऊक!

त्यानंतर दर वर्षी नव्या वर्गाला अल्तेआची सहल घडू लागली. इतक्या वेळा सांगून सरांनाही ते खरेच वाटू लागले असावे. पुढे शाळेत प्रोजेक्टरचा मोठा पडदा आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. मी चार वर्षे धूळ खाल्ली, एका दांडीला वाळवी लागली. भंगारात जाणाऱ्या सामानाच्या यादीत माझे नाव चढले, त्याच महिन्यात सर निवृत्त झाले. त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना विचारून मला बगलेत मारले आणि घरी नेले. त्यांच्या पत्नी हेमाकाकू दारातच म्हणाल्या, “अहो, लोक निरोप समारंभातून घड्याळ आणतात.”

गेल्या वर्षी त्या नववीच्या मुलांनी बिबवेवाडीला एका सभागृहात मेळावा भरवला आणि सरांचा सत्कार केला. शाल झाली, श्रीफळ झाले, भाषणेही झाली. मग तनया माईकवर आली. ती आता आलिकान्तेला, म्हणजे अल्तेआपासून तासाभराच्या अंतरावर, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. ती म्हणाली, “सरांनी त्यांचं अल्तेआ पुन्हा एकदा बघावं म्हणून आपल्या वर्गाने त्यांना आणि काकूंना विमानाची तिकिटं द्यायचं ठरवलंय. राहायला माझ्याकडे.” चाळीस जण उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सरांनी माईक हातात घेतला. खरे बोलायची वेळ तीच होती. पण खांद्यावर शाल असताना माणसाला फारसे बोलता येत नाही. सर फक्त “धन्यवाद” म्हणाले आणि खाली बसले.

घरी आल्यावर काकूंनी विचारले, “आता?” सर म्हणाले, “बघू.” काकूंनी बॅगेत मेतकूट, भाजणी आणि भडंग भरले, सरांनी माझ्या दांड्या काढून माझी घडी घातली. “नकाशा कशाला? फोनमध्ये असतो की,” काकू म्हणाल्या. सर म्हणाले, “राहू दे. याला दाखवतो.” या उत्तराने मी किती सुखावलो हे काय सांगू! पण सरांचा घास उतरत नव्हता, तेही मला दिसत होते. आयुष्यभर मुलांनी ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यांचा शब्दच आता उघडा पडणार होता.

मे महिन्यात आम्ही पोहोचलो. आलिकान्तेला समुद्राकाठी लाटांच्या नक्षीची फरसबंदी आहे, तिच्यावरून चालताना काकूंना गरगरले. मग किनाऱ्याने जाणाऱ्या ट्रामने निघालो. वाटेत रंगीत घरांचे कोळ्यांचे एक गाव लागले, तिथे काकूंनी खिडकीतूनच मासळीचा अंदाज घेतला. मी सरांच्या झोळीत होतो. अल्तेआ सरांबरोबरच बघायचे म्हणून तनयाही आजवर तिकडे गेली नव्हती.

अल्तेआ आले. पांढरी घरे होती, निळे घुमट होते. सरांचा चेहरा जरा खुलला. तनयाची आठ वर्षांची मुलगी ओवी बूट काढून समुद्राकडे पळाली आणि लगेच एका पायावर नाचू लागली. सगळीकडे गोटे होते, नारळाएवढे, लिंबाएवढे.

“सर आजोबा, आई म्हणते इथे मऊ वाळू आहे. कुठे आहे?”

सरांनी घसा साफ केला. “त्याचं काय आहे बाळ, समुद्र किनारा झिजवतो. वीस-पंचवीस वर्षांत वाळू वाहून जाते आणि—”

तनया मान डोलावत होती. तिला ते पटत होते. तेवढ्यात काकू फक्त म्हणाल्या, “अहो.”

सर थांबले. मग गोट्यांकडे बघत म्हणाले, “तनया, मी इथे कधीच आलो नव्हतो. आज पहिल्यांदा येतोय.”

तनयाने ओवीच्या पायात बूट चढवले. मग म्हणाली, “सर, माझ्याकडे दोन ऑफर्स होत्या. मी हीच का घेतली, माहितीये ना तुम्हाला?” परतीच्या ट्राममध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला झोळीतून बाहेरच येऊ नये असे वाटले. मित्रांनो, आपल्या माणसाची फजिती बघणे फार वाईट.

दुसऱ्या दिवशी डोंगरात जायचे ठरले होते. “गाडी आठला निघेल. ठरलंय म्हणून जातोय,” तनया म्हणाली. बदामाच्या आणि ऑलिव्हच्या बागांमधून रस्ता वर चढत होता. मागच्या सीटवरून सर म्हणाले, “त्याचं असं असतं तनया, वर्गावर पकड ठेवायची तर शिक्षकाला—”

“अहो, माफी मागताना शिकवू नका,” काकू म्हणाल्या.

ग्वादालेस्त हे गाव कड्यावर आहे. खडकातल्या बोगद्यातून आत जावे लागते. पलीकडे खोल दरीत धरणाचे हिरवे पाणी दिसते. तिथल्या दगडी पायऱ्यांवर सर तनयासमोर उभे राहिले. “चुकलो,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही मुलं जागी झालात, त्याचा मला मोह पडला. मग दर वर्षी पडत गेला.”

तनयाचे डोळे भरले. “सर, मी इथे आले तेव्हा ओवी दोन वर्षांची होती. तिला घेऊन एकटी आले. भाषा येत नव्हती, कोणी ओळखीचं नव्हतं. विमानतळावर बॅगेवरच बसून राहिले. मी स्वतःला सांगितलं, घाबरतेस काय, आपले सर इथे येऊन गेलेत. आणि इथे तर कोणीच आलेलं नव्हतं!”

“तू आलीस की,” सर म्हणाले. “आपल्या शाळेतून पहिली तूच आलीस.”

मग त्यांनी मला झोळीतून काढले, उलगडले आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले. “आता तू शिकव. मी बसतो.” आणि सत्तरीचे माझे सर खालच्या पायरीवर ओवीशेजारी मांडी घालून बसले.

तनयाने बाहीने नाक पुसले. माझे एक टोक काकूंनी धरले, दुसरे तिने.  मग तिने आलिकान्ते दाखवले, अल्तेआ दाखवले, उन्हाळ्यात इथले लोक पाणी कसे जपून वापरतात ते सांगितले. सर मान वर करून ऐकत होते. माझ्यावर इतकी वर्षे तास झाले, पण इतका खरा तास मी पहिल्यांदाच अनुभवला.

त्याच दुपारी सरांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळे कबूल केले. तिकिटे मुलांनी दिली होती, त्यांना कळायलाच हवे, असे ते म्हणाले. मेसेज पाठवून फोन मांडीवर ठेवला. पहिले उत्तर हडपसरच्या उत्तरेश्वरचे आले. ‘सर, माझे वडील आपल्या शाळेत क्लार्क होते. तुम्ही कधी सलग चार दिवस रजा घेतली नव्हती, सुट्टीतही शाळेत असायचात. मला नववीतच कळलं होतं.’

सरांनी एका बोटाने टाइप केले, ‘मग बोलला का नाहीस?’

‘तास चांगला चालला होता.’

सर हसले आणि हसता हसता रडले. तनयाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कपाटावर माझी भावंडे पडलेली असतील. त्यांना खाली उतरवा, धूळ झटका आणि गुंडाळताना दोघांनी मिळून गुंडाळा, एकट्याच्या ओढाताणीत आम्ही फाटतो. न पाहिलेली गावे आमच्यावर खुशाल दाखवा, मात्र ती पाहिलेली नाहीत हेही सांगा. कारण समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी तुमच्या शब्दावर विसंबून खरेच तिकडे निघालेले असते.