डेन्मार्कचा जावई

समोरून पर्यटकांची लांबलचक बस आली आणि ओद्वारने कॅम्पर व्हॅन जागच्या जागी उभी केली. एका बाजूला सरळसोट कडा, दुसऱ्या बाजूला खाली फ्योर्डचं, डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राचं, काळंशार पाणी. दोघांपैकी एकाला मागे सरकणं भाग होतं. ओद्वारने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि बसच्या ड्रायव्हरकडे रोखून बघत तो ती फुंकून फुंकून पिऊ लागला. शेवटी बसच मागे गेली.

"बघितलंस, जावईबापू?" आरशातून मागे बघत तो म्हणाला. "जो आधी घाबरतो, त्याला मागे जावं लागतं."

मागच्या बाकावर बसलेला आस्गर हसला. लग्न अजून व्हायचं होतं, पण ओद्वार त्याला पहिल्या दिवसापासून जावईबापू म्हणत होता आणि ते ऐकताना कानशिलात बसल्यासारखं वाटायचं. पुढे बापाशेजारी बसलेली इंगुनही हसली. ती नेहमीच हसायची.

ओद्वारचं सगळं आयुष्य नॉर्वेच्या याच डोंगरांत बोगदे खणण्यात गेलं होतं. सुरुंग लावायचा, मागे व्हायचं, धूर बसला की पुन्हा आत शिरायचं. इंगुनची आई ती लहान असतानाच वारली. त्यानंतर पोरीला वाढवलं तेही त्याने असंच. ती पहिलीत असताना एकदा डोंगरावर पाय दुखतात म्हणून रडत बसली, तर तो तिला तिथेच सोडून खाली निघून गेला. हुंदके देत, पडत-धडपडत ती एकटी उतरली. खाली तो तिची वाटच बघत होता. "आलीस ना? मग?" एवढंच म्हणाला. त्यानंतर इंगुन कधीच कुठे मागे राहिली नाही. बापाच्या पुढे नाही, तर निदान बरोबरीने चालायचं, आणि तो ज्याला हसेल त्याला आपणही हसायचं, हे तिला तेव्हाच उमगलं.

आणि आता तिने घरी आणला होता तो डेन्मार्कचा पोरगा. सपाट देशातला, उंच, मऊ हातांचा, बालवाडीत शिकवणारा.

"तुमच्याकडे त्या एका टेकाडाला 'आभाळडोंगर' म्हणतात म्हणे," संध्याकाळी तळावर माशाच्या वड्या तळता तळता ओद्वारने विषय काढला. "आमच्या कोंबड्या रोज सकाळी त्यापेक्षा उंच चढतात."

"आमच्या कोंबड्यांना तेवढाच पुरतो," आस्गर म्हणाला.

"काय? काय म्हणाला हा, इंगुन? तोंडातला बटाटा आधी काढायला सांग त्याला, मग कळेल मला."

डॅनिश लोक तोंडात बटाटा धरून बोलतात, ही नॉर्वेतली जुनी थट्टा; आस्गरचं डॅनिश त्याला अक्षर न् अक्षर कळत होतं. इंगुनलाही ते ठाऊक होतं. तरी तिने आस्गरचं वाक्य नॉर्वेजियन वळणाने पुन्हा म्हणून दाखवलं, एखाद्या बोबड्या मुलाचं आईने सांगावं तसं. ओद्वार खो खो हसला आणि त्याने सर्वांत मोठी वडी तिच्या ताटलीत टाकली.

भांडी घासताना आस्गरने हळूच विचारलं, "मी त्यांना आवडत नाही का गं?"

"अरे, सगळ्यांशी असंच बोलतात ते. अंगाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत. पण तू तरी..." तो ताटली पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते धबधब्याच्या डोंगरावर निघाले. पाणी कड्यावरून थेट फ्योर्डच्या दिशेने कोसळत होतं आणि वाट त्याच्या कडेकडेने ओल्या दगडांवरून वर चढत होती. ओद्वार सत्तरीला टेकलेला, पण बकरीसारखा चालत होता. आस्गरचे बूट नवे होते. अर्ध्या वाटेतच त्याची टाच सोलवटली, पण चकार शब्द न काढता तो चालत राहिला. वर पोहोचला तेव्हा त्याचा मोजा रक्ताने चिकटला होता.

धबधब्याच्या माथ्यावर सपाट खडक होता. तिथे बसून तिघांनी संत्री सोलली. पाण्याच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"तू बस इथे," ओद्वार आस्गरच्या कानाशी ओरडला. "आम्ही वरचं तळं बघून येतो. येताना तुला घेऊन जाऊ. इथून हलू नकोस हं!"

"चालेल. तुम्ही सावकाश या," आस्गर म्हणाला आणि त्याने इंगुनकडे बघून हात हलवला.

तळ्यापाशी पोहोचल्यावर ओद्वार परत फिरला नाही. तळ्याला वळसा घालून तो पलीकडच्या सोंडेवरून जाणाऱ्या जुन्या गुरांच्या वाटेला लागला.

"पप्पा, ही वाट तर थेट खाली जाते."

"जाऊ दे की."

"पण तो तिथे थांबलाय."

"थांबू दे." ओद्वारच्या डोळ्यांत मिश्कील चमक होती. "कंटाळला की उतरेल. दगडांवर लाल खुणा आहेत, आंधळ्यालाही दिसतील. खाली आपण वॅफल खात बसलोय आणि साहेब पाय ओढत येतायत! काय थोबाड होईल त्याचं!"

इंगुनने मागे वळून पाहिलं. वरच्या खिंडीतून ढग खाली सरकत होते. इथून परत वळायला फारसा वेळ लागला नसता. पण परत वळायचं म्हणजे पप्पांना सोडून जायचं, आणि मग संध्याकाळी पप्पांच्या थट्टेसमोर आस्गरच्या शेजारी बसायचं. ती हसली. "बूट हातात घेऊनच येईल बहुतेक," ती म्हणाली आणि बापाच्या मागून उतरू लागली.

खाली गाडीत त्यांनी वॅफल केले, वर तपकिरी चीजचे काप घातले. आस्गर काय म्हणेल, कसा म्हणेल याची नक्कल ओद्वारने केली, मग इंगुननेही केली, आणि तिची जास्त चांगली जमली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसली.

पाऊस सुरू झाला. ढग उतरत उतरत कड्याच्या मध्यावर आले. आता धबधबा दिसेनासा झाला होता, नुसता ऐकू येत होता. आस्गरचा फोन इंगुनने लावून पाहिला, तर तो मागच्या बाकावर पिशवीतच वाजला.

"मी बघून येते," ती म्हणाली.

"बस खाली. आज आणायला धावलीस, तर जन्मभर त्याला कडेवर घेऊन फिरावं लागेल."

ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली, रेनकोट अंगात चढवला, बापाने नुसतं पाहिलं आणि ती पुन्हा बसली. रेनकोट मात्र तिने काढला नाही. संध्याकाळच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर अखेर ओद्वारनेच मदतीला फोन केला, तोही चिडून, कुणी गाडीला ठोकर मारून पळून गेल्यासारखा.

गावातले स्वयंसेवक आले. कुत्रा होता, दोर होते. त्यांची म्होरकी तुर्डिस नावाची मेंढ्या पाळणारी बाई होती. ओद्वारने तिला सगळं समजावून सांगितलं. "हलू नकोस म्हणून बजावलं होतं त्याला. परत येऊन बघतो तर जागेवर नाही. हे डॅनिश कुणाचं ऐकतील तर शपथ."

तुर्डिसने इंगुनकडे पाहिलं. "तुम्ही परत गेलात तेव्हा तो तिथे नव्हता?"

बाप तिच्याकडे बघत नव्हता. गाडीच्या पायरीवर बसून तो बुटाची नाडी सोडत होता.

"नव्हता," इंगुन म्हणाली.

"नक्की? म्हणजे मग खालची बाजू आधी बघतो. तो उतरायला लागला असणार."

"नक्की."

त्यांनी खालची बाजू पिंजून काढली. आस्गर खाली नव्हताच. तो कितीतरी वेळ त्या खडकावर बसून राहिला होता. धुकं दाटलं तरी ही दोघं आली नाहीत, तेव्हा त्याला वाटलं, नक्की काहीतरी झालं. म्हाताऱ्याचा पाय घसरला असेल, इंगुन एकटी त्याला सावरत असेल. म्हणून तो सोललेल्या टाचेने वर निघाला, दोघांच्या नावाने हाका मारत. तळ्याजवळच्या घळीत घसरला आणि ओढ्यातल्या दगडांवर आपटला. अर्धं अंग बर्फाच्या पाण्यात, मांडीचं हाड मोडलेलं. तशातही आवाज होता तोवर तो हाका मारत राहिला. कुत्र्याला तो सापडला तेव्हा पहाट फुटून गेली होती.

दवाखान्यात त्याने डोळे उघडले आणि आधी विचारलं, "तुम्ही दोघं बरी आहात ना? पप्पांना काही झालं नाही ना?"

"काही नाही," इंगुन म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही पडलात कुठे."

ओद्वार खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने घसा खाकरला. "आम्ही आलो होतो परत. तू नव्हतास तिथे. हलू नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

आस्गर छताकडे बघत आठवू लागला. औषधांनी त्याची जीभ जड झाली होती. "पण मी तर बराच वेळ..." तो म्हणाला. मग त्याने इंगुनकडे पाहिलं. तिने मान हलवली. हो, आम्ही आलो होतो.

"मग मी जरा लवकरच निघालो वाटतं," आस्गर म्हणाला. "धुक्यात वेळेचा अंदाज येत नाही. ओद्वार, माफ करा मला. त्या लोकांना रात्रभर पावसात फिरावं लागलं माझ्यापायी."

"असू दे, असू दे," ओद्वार म्हणाला. पुढे होऊन त्याने आस्गरचा खांदा थोपटला. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या दिवसापासून ओद्वार चांगला वागू लागला, आणि तेच इंगुनला सोसेना. सहल अर्धवट टाकायची नाही, असं त्यानेच ठरवलं. प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून आस्गर मागच्या पलंगावर पडून असायचा. वाटेत धबधबा लागला की ओद्वार मागचं दार सताड उघडायचा आणि म्हणायचा, "बघ, जावईबापू, तुझ्यासाठी डोंगरच दारात आणला." सूप गरम करून द्यायचा, उशी सरकवून द्यायचा. आस्गर प्रत्येक वेळी आभार मानायचा. धबधब्याचे, सुपाचे, उशीचे. ज्या बचावकर्त्यांनी त्याला उशिरा शोधलं त्यांना त्याने पोस्टकार्ड पाठवलं. इंगुन त्याचे केस धुवायची तेव्हा तिचा हात धरून म्हणायचा, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

ती हात सोडवून पाणी ओतत राहायची. सुरुवातीला तिला लाज वाटायची. रोज रात्री ती ठरवायची, उद्या सांगून टाकू. पण दिवस गेले तशी त्या लाजेला बुरशी धरली. त्याचं ते कृतज्ञ हसू दिसलं की तिला चीड येऊ लागली. हा विचारत का नाही? याला संशय कसा येत नाही? एवढं भोळं असायला माणसाला लाज कशी वाटत नाही? तिने त्याचं जे केलं होतं, त्याबद्दल ती त्यालाच क्षमा करू शकत नव्हती. शेवटी शेवटी तो मागून "इंगुन?" अशी हाक मारायचा आणि ती रेडिओचा आवाज वाढवायची.

बंदरावर डेन्मार्कची बोट लागली होती. त्याची आई पलीकडे घ्यायला येणार होती. ओद्वार गाडीतच थांबला. आस्गर कुबड्यांवर होता आणि इंगुन त्याची पिशवी घेऊन शेजारून चालत होती. बोटीवर चढायच्या फळीपाशी तो थांबला.

"शाळा सुरू व्हायच्या आत येशील ना? आईने खोली रंगवून ठेवलीय."

"नाही."

"मग शरदात? पानं पिवळी झाली की आमच्याकडे छान असतं."

"आस्गर, मी येणारच नाही."

त्याला कळायला वेळ लागला. लोक त्यांना वळसा घालून पुढे जात होते. एका मुलीने त्याच्या प्लास्टरकडे टक लावून पाहिलं, तर तो तिच्याकडे बघून सवयीने हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

"त्या दिवसामुळे ना?" त्याने विचारलं. "मी थांबलो नाही, म्हणून?"

विषय त्यानेच काढला होता. तिला फक्त 'नाही' म्हणायचं होतं, आणि पुढचं खरं आपोआप बाहेर आलं असतं.

"हो," इंगुन म्हणाली. "तू थांबला नाहीस म्हणून."

त्याने मान डोलावली. त्याला ते पटलेलं दिसलं. "मला वाटत होतंच," तो म्हणाला. तिच्या खांद्यावरची पिशवी त्याने गळ्यात अडकवून घेतली, ती कुबडीत अडकली, ती सोडवली, आणि तो फळीवरून वर गेला. वर पोहोचल्यावर त्याने वळून पाहिलं की नाही, हे इंगुनला माहीत नाही. ती तोवर निघाली होती.

गाडीत ओद्वारने वर्तमानपत्रावर उकडलेली कोळंबी ओतली होती आणि सोलून खात होता.

"सांगितलंस, येणार नाहीस ते?"

"सांगितलं."

"रडला?"

"नाही."

"म्हणजे थोडाफार दम होता म्हणायचा पोरात," ओद्वार म्हणाला आणि तिच्यासाठी जागा करून दिली.

इंगुन बसली, कोळंबीचं डोकं मोडलं आणि सोलू लागली. बापाने बोटीच्या भोंग्याची नक्कल केली. तो मान वर करून तिच्या हसण्याची वाट बघत राहिला, आणि ती हसली.