बाबाजींनी वाचलेला रिपोर्ट

बाबाजींनी रिपोर्ट उजेडात धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत इंग्रजीत ‘आयर्न’ असा शब्द होता आणि पुढे शेरा होता : जास्त.

“लोह जास्त हाय तुझ्या रक्तात,” ते म्हणाले. “आणि डॉक्टरीण लोहाच्याच गोळ्या देते. बंद कर गो त्या.”

सून मालू दाराशी उभी होती. ती काही बोलणार होती, पण ओटीवर शेजारचे मन्सूरभाई बसले होते, मुलाला मस्कतच्या कंपनीकडून आलेला कागद घेऊन. निडी गावात इंग्रजी कागद आला की तो बाबाजींकडेच यायचा. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस. मालूने मान डोलावली आणि ती आत गेली.

दोन महिन्यांनी भरली कळशी घेऊन येताना ती वाटेतच कोसळली. नवरा नागोठण्याला शिफ्टवर होता, म्हणून बाबाजींनीच तिला रिक्षाने रोह्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पुन्हा रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आठ होतं, ते सहावर आलं होतं.

“गोळ्या घेतल्या नाहीस?”

“विसरायला झालं, बाई.”

बाबाजींनी खिशातून जुना रिपोर्ट काढून टेबलावर पसरला. “विसरली नाय ती. मीच बंद करायला सांगितल्या. हे बघा, लोह जास्त लिवलंय.”

बाईंनी कागद पाहिला. त्यांचा आवाज चढला नाही. “आजोबा, लोह ही वरची ओळ. ते कमीच आहे. खालचा आकडा म्हणजे लोह धरून ठेवायला रक्तात किती जागा आहे, ते. लोह कमी पडलं की हा आकडा वाढतो. मागच्या वेळी मी हिला चित्र काढून समजावलं होतं. कळलं होतं ना गं तुला?”

 मालू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाबाजींनी कागदाची घडी घालायला घेतली. ती नीट बसेना.

परतताना रिक्षात बाबाजी तिच्याकडे वळले.

“ठावं होतं, तर बोलली का नाय?”

“मन्सूरभाई बसले होते ना, मामंजी.”

बाबाजी बाहेर बघू लागले. 

आठवडाभराने मन्सूरभाई पुन्हा ओटीवर आले. मस्कतहून नवा कागद आला होता. बाबाजींनी तो हातात घेतला नाही.

“रोह्याला कुणा जाणत्याला दाखवा. मालूचा रिपोर्ट मी उलटा वाचला. त्यापायी ती पडली.”

मन्सूरभाई हसले. त्यांना तो म्हाताऱ्याचा विनय वाटला.

बाबाजींनी तेच शब्द पुन्हा उच्चारले, या वेळी आतपर्यंत ऐकू जातील असे.

आतल्या खोलीत मालूची खाट करकरली; ती उठून बसली होती.