सावलीत वाळवलेली माती

"कुरडया घालायला एवढीशी बाल्कनी, त्यातही अर्धीवर यांची माती," कुमुदिनी पुटपुटली. नवऱ्याला, भालचंद्रांना, ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच ती पुटपुटत असे. माती वर्तमानपत्रावर पसरली होती, सावलीत. उन्हात वाळवलेली माती खोटं बोलते, हे त्यांचं जुनं मत.

दिल्लीतल्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. गुरगावजवळच्या एकाच शेतातली माती त्यांनी बावीस वर्षं, दर चैत्रात आणली, वाळवली, चाळली आणि तिच्यातला कार्बन मोजला. शेतकऱ्याच्या विनवण्या करून धसकटं जाळू दिली नाहीत. पिकानं हवेतून घेतलेला कार्बन मुळांवाटे मातीत उतरतो तो मुंगीच्या पावलानं. जमीन उकरली की भसाभसा हवेत परत जातो. बावीस वर्षांत आकडा ०.३८ टक्क्यांवरून ०.६१ वर आला. एवढ्यावर भालचंद्रांनी पेढे वाटले होते.

मग शेत बिल्डरनं घेतलं, इमारत उभी राहीपर्यंत वही थांबली. आणि त्यांच्या मुलानं, पुष्करनं, मोठ्या हौसेनं तिथंच फ्लॅट घेतला. तुमच्याच गुरगावात चाललोय बाबा, म्हणाला. ताबा मिळाला त्या दिवशी भालचंद्रांनी कुंपणाजवळचं ओळखीचं शिरीषाचं झाड पाहिलं, तिथून नमुन्याच्या जागेपर्यंतची पावलं मोजली, ती लिफ्टच्या दारात संपली. पोरगा पेढ्याचा बॉक्स घेऊन समोर उभा. त्यांनी एक पेढा उचलला. निवृत्त झाले तरी वही पुढं चालावी, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून यंदाचा नमुना सोसायटीच्या बागेतून घेतला. जमीन तीच ना, म्हणाले.

कुमुदिनीला दिल्लीत पहाडगंजात काम होतं, म्हणून तीही त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत आली. सुखदा भालचंद्रांच्याच हाताखाली शिकलेली, आता तिथली साहेब. काचेच्या नळीतून रसायन थेंब थेंब सोडायचं. खालचं जांभळट निळं पाणी हिरवं झालं की थांबायचं. हिरवं जितकं लवकर, तितका कार्बन जास्त.

हिरवं फार लवकर आलं. आकडा निघाला १.९.

वहीतल्या शेवटच्या आकड्याच्या तिप्पट. सुखदानं तो दोनदा तपासला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अच्छा... मागचा पावसाळा चांगला होता ना, काका."

कुमुदिनी पिशवीची चेन उघडत, लावत बसली. नर्सरीचे ट्रक बागेत शेणखताची काळी माती ओतताना तिनं त्याच बाल्कनीतून पाहिले होते. शेजारी भालचंद्रही उभे होते, चहाचा कप घेऊन.

सुखदानं वही उघडली. तेविसाव्या ओळीवर पेन टेकलं, पण हलेना.

भालचंद्रांनी हळूच तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं.

"लिहू नकोस, बेटा. ही ट्रकातली माती आहे. शेत आमच्या घराखाली गेलं."