दोन सह्यांचा कागद

डोरिन काझमारेकची नोकरी अर्धी शहराची होती, अर्धी काउंटीची, म्हणजे भोवतालच्या जिल्ह्याची. घरात मार खाऊन पोलिसांकडे आलेल्या बायकांना धीर द्यायचा आणि कोर्टात त्यांच्या शेजारी बसायचं, हे तिचं काम. बाई पेल्टन शहरातली असो की बाहेर मक्याच्या शेतांतली, ती यायची डोरिनकडेच. पगार पोलिसांसाठी वॉशिंग्टनहून येणाऱ्या अनुदानातून निघे. अट एकच: शहर आणि काउंटीनं आपसात वाटणी ठरवून एका करारावर सह्या करायच्या. सात वर्षं दोघांनी तो कागद न वाचताच सह्या केल्या होत्या.

यंदा शहराला गस्तीसाठी नव्या गाड्या हव्या होत्या आणि काउंटीच्या तुरुंगाचं छप्पर गळत होतं.

शेवटची तारीख शुक्रवार. मंगळवारी डोरिन कागद घेऊन नगराध्यक्ष हॅल ब्रुगमनच्या खिळे-रंगांच्या दुकानात गेली. हॅल शाळेत तिच्या वर्गातला.

"सही कर ना रे. निम्मं-निम्मं, दरवर्षीसारखं."

"डोरी, चोर पकडायचे माझ्या पोलिसांनी आणि पैसा न्यायचा त्यांनी? साठ टक्के. त्याच्या खाली मी येत नाही."

"आणि माझं काय?"

"तुझ्यावर कुणाचा राग आहे का? तू म्हणजे सोनं आहेस सोनं! शेरीफला सांग, त्याच्या वाट्यातून काढ म्हणावं तुझा पगार."

ती रस्ता ओलांडून काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडे, शेरीफ वेंडेल ग्रीरकडे गेली. बायकोनं दिलेला चेरीचा केक त्यानं तिच्यापुढे सरकवला.

"पकडतात ते, मान्य. आणि आणून टाकतात माझ्या दारात. मग खायला मी घालायचं, डॉक्टर मी आणायचा. निम्म्याच्या खाली उतरायचं नाही, असं काउंटीच्या मंडळानं बजावलंय मला."

"सोमवारी मार्ला टेटची नवऱ्याविरुद्धची सुनावणी आहे, शेरीफ. शेजारी बसेन असा मी तिला शब्द दिलाय."

शेरीफनं काटा खाली ठेवला. "वाईट वाटतं गं. पण मी एकटा काय करू?"

गुरुवारपर्यंत तिनं तो रस्ता सहा वेळा ओलांडला. शुक्रवारी दुपारी हॅल पंचावन्नवर आला. डोरिननं तिथूनच मंडळाच्या अध्यक्षाला फोन लावला. तो कापणीच्या यंत्रावर होता, ओरडूनच बोलत होता.

"पंचावन्न? चालेल की! पण त्यासाठी बैठक हवी, आणि बैठकीची सूचना एक दिवस आधी लावावी लागते. कायदाच आहे तसा. सोमवारी बघू."

"सोमवारी उशीर झालेला असेल हो!"

"मग काय करणार, बाई?"

पाच वाजता मुदत संपली; अनुदान गेलं आणि त्यासोबत तिची नोकरीही. डोरिननं ओळखपत्र आणि किल्ल्या हॅलच्या टेबलावर ठेवल्या. हॅलनं तिला दुकानातली फुलझाडाची कुंडी भेट दिली.

सोमवारी ती स्वतःहून कोर्टात गेली. मार्ला टेट आधीच येऊन बसली होती, हाताला अजून पट्टी होती. डोरिन तिच्या शेजारची खुर्ची ओढू लागली तेव्हा शिपाई हळूच म्हणाला, "तिथं आता नाही बसता येणार, डोरिन. मागच्या बाकावर बस. माझ्या हातात नाही गं."

पलीकडे मार्लाचा नवरा इस्त्रीचा सदरा घालून, वकील घेऊन बसला होता.

"नवऱ्यानं तुमच्यापासून लांब राहावं, असा आदेश तुम्हाला अजून हवाय का?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

मार्लानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग वळून मागे पाहिलं. डोरिननं 'हो' म्हणून जोरजोरात मान हलवली. वकिलानं लगेच हात वर केला, "कुणीतरी मागून खुणा करतंय." न्यायाधीशांनी डोरिनला बाहेर जायला सांगितलं.

ती व्हरांड्यात उभी राहिली. दहा मिनिटांनी दार उघडलं. मार्लाच्या कोपराला धरून नवरा चालला होता.

"मार्ला, काय सांगितलंस त्यांना?"

"अर्ज मागे घेतला." मार्ला क्षणभर थांबली. "शेजारी बसेन म्हणाली होतीस."

"बसू दिलं नाही गं मला."

"असू दे," मार्ला म्हणाली आणि नवऱ्याच्या पिकअप गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी डोरिनच्या फोनवर कुण्या अनोळखी बाईचा दबक्या आवाजात मदत मागणारा निरोप आला. तिनं तो दोनदा ऐकला. त्या बाईला आता कुणाचा नंबर द्यावा, हे काही तिला सुचेना.