रुख्माबाईंच्या घरची हवा ओढणारी मशीन

सन २०१४ मध्ये, धानाची कापणी आटोपल्यावर, मला गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानातून दवनीवाडा या गावी नेण्यात आले. मित्रांनो, आता मी एक जुनी, बंद पडलेली मशीन आहे. प्लास्टिकच्या पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि तापलेल्या पट्टीने तिचे तोंड चिकटवून टाकायचे, एवढेच माझे काम होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातला अंधार आठवतो आणि दुकानदाराचा आवाज आठवतो. तो रुख्माबाईंना सांगत होता, "माँजी, हवा गई तो झंझट गई. लड़का पूना में बैठके आपके हाथ का खाएगा."

त्यांचा मुलगा रोशन पुण्याला नोकरी करत असे. तो शेजारीच उभा होता. "घेऊन टाक आई," तो म्हणाला. "मासळीची पिशवी उघडली का गाडीतले लोक नाक दाबतात माह्याकडे पाहून."

त्याआधी आईने दिलेले खाणे संपत आले, की रोशन महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून घरी येई. दोन दिवस राही. जाताना जवसाची चटणी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, वाळवलेली मासळी घेऊन जाई.

स्वयंपाकघरात माझ्यासाठी जागा करण्यात आली. रोशनचे वडील बकाराम यांनी आपला रेडिओ टेबलावरून उचलून खिडकीत ठेवला. रोशनने माहितीचा कागद वाचला, पट्टी पुसली, वायर लावली आणि पहिल्या पिशवीत पोहे भरले. मी सगळी ताकद लावून हवा ओढली. पोह्यांचा चुरा होऊन त्याची घट्ट वीट बनली.

बकाराम म्हणाले, "मायलेक घर बांधून राहिले का? अजून चार पाडा, मोरी होऊन जाईन."

रुख्माबाई हसत हसत खाली बसल्या. मग रोशनने आईला सगळे शिकवले. गरम पदार्थ भरायचा नाही. ओले काही भरायचे नाही. "आणि पीठ असलं त वरून कागद ठेवजो, आई. नाई त पीठ मशीनच्या पोटात जाते. मंग गेली ते कामातून."

मित्रांनो, पुढची दोन वर्षे माझ्या वैभवाची होती. शेजारच्या सुशिलाबाई मला पाहायला आल्या आणि दुसऱ्या दिवशी आपले पापड घेऊन आल्या. काम झाले की रुख्माबाई मला मऊ फडक्याने पुसत. भरलेल्या पिशव्या गोंदियाहून कुरिअरने पुण्याला जात. रोशन फोनवर सांगे, "आई, एकदम ताजं लागते." ते ऐकून मला मोठा अभिमान वाटे.

मी आले त्या हिवाळ्यात रोशन पुन्हा घरी आला नाही. होळीला आला नाही. पुढच्या दिवाळीला आला आणि रात्रीच्या गाडीने परत गेला.

एकदा सुशिलाबाई स्पष्टच बोलल्या. "रुख्मा, आधी तुहा पोरगा भूक लागली का गाडीत बसे. आता त्याचं पोट तिकडंच भरते. मंग कायले येईन तो?"

रुख्माबाईंनी माझे झाकण जोरात दाबले. 

या घरात एक रीत होती. घरचे सगळे एका पंगतीत बसल्याशिवाय नवा तांदूळ कोणी खात नसे. २०१६ साली नवा तांदूळ घरी आला. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी रोशन आला नाही. बकाराम मुकाट्याने जुन्या तांदळाचा भात खात राहिले. शेवटी रोशनचा फोन आला.

"आई, नवा तांदूळ पॅक करून पाठव ना. मी इथं रांधतो, तुमी तिथं रांधा. फोन सुरू ठेवून जेवू. एकच पंगत झाली ना."

"बरं बाबू," रुख्माबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तांदळाच्या पिठाचा डबा घेतला. पिशवी काठोकाठ भरली आणि कागद न ठेवता माझ्या तोंडाशी लावली. समोर येईल ते मी ओढते, मला दुसरे काही येत नाही. पहिल्या पिशवीला मी घरघरले. त्यांनी दुसरी लावली. तिसरीला मी थांबले. नेहमीसारखे त्यांनी मला फडक्याने पुसले.

बकाराम यांनी टेबलावरचे पीठ पाहिले. "कागद नाई ठेवला?"

"राहून गेला."

बकाराम यांनी पिठाच्या तिन्ही पिशव्या बाजूला सारल्या. मग त्यांनी स्वतः फोन लावला. "बाबू, मशीन बिघडली. आता काही पाठवता येत नाई. तुलेच यावं लागन."

"त्याच्यात काय, बाबा," रोशन म्हणाला. "आताच दुसरी ऑर्डर करतो. चार दिवसांत मशीन घरी येते."

ती आली. माझ्यापेक्षा लहान आणि चपळ होती. रुख्माबाईंनी तिच्यात नवा तांदूळ भरून पुण्याला पाठवला. ठरलेल्या दिवशी दोन ताटे वाढून फोन लावला, तेव्हा रोशन म्हणाला, "मी त जेवून घेतलं आई, ड्युटी लागली होती. मस्त होता भात. तुमी जेवा." बकाराम जेवले. रुख्माबाईंनी आपले ताट झाकून ठेवले.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण माझी निगा फार चांगली राखली गेली होती. तुमच्यासाठी घरून खाणे येत असेल, तर ते संपण्याआधी एकदा घरी जाऊन या. एवढेच माझे मागणे आहे.

सुशिलाबाई आता तिरोड्याला मुलीकडे राहतात. बकाराम त्या पंगतीच्या पुढच्या वर्षी वारले. रोशनने पुण्याला घर घेतले, तो वडिलांच्या वर्षश्राद्धाला येऊन गेला. मी माळ्यावर रिकाम्या डब्यांमध्ये पडून आहे. रुख्माबाई दवनीवाड्यातच आहेत. दर हंगामात त्या नवा तांदूळ पुण्याला पाठवतात आणि स्वतःसाठी दुकानातून जुना आणतात.